येंगे म्हणजे वहिनी

इला वर्षभर आमच्याजवळ राहणार असं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी मी बालवाडीत जाऊन तिचं नाव सांगून आलो. तिथल्या बाई माझ्याच एके काळच्या विद्यार्थिनी. त्यांनी मुलीच्या आईचं नाव विचारलं. मी "आयलिन" म्हणालो. त्यांनी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं आणि शेवटी पेन माझ्या हातात दिलं. "सर, तुम्हीच लिहा. तुमच्यासमोर शुद्धलेखन चुकायची मले अजून भीती वाटते."

आयलिन ही आमची सून. जन्मली, वाढली जर्मनीत, पण माणसं तुर्कस्तानातली. तिचे आजोबा साठ वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कोळशाच्या खाणीत कामाला गेले होते. आमचा मुलगा सुश्रुत तिकडे शिकायला गेला, नोकरीला लागला, एकदा पाय मोडून घेतला, आणि त्याचं प्लास्टर काढणारी नर्स ही होती. लग्न झाल्यावर दोन वर्षं प्रमोदिनी, म्हणजे माझी बायको, फोनवर तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलली नाही. मग इला झाली. तेव्हापासून दोघींचं रोज तासभर व्हिडिओवर चालायचं, अर्धं मराठीत, अर्धं हातवाऱ्यांनी.

ठरलं होतं ते असं. सुश्रुतची बदली दुसऱ्या शहरात झाली होती. तो शनिवारी घरी येई आणि रविवारी परत जाई. आयलिनचं नर्सिंगचं पुढचं शिक्षण एक वर्ष बाकी होतं आणि त्यात पाळ्या कधीही लागत. साडेतीन वर्षांच्या मुलीला दिवसभर सांभाळणारी जागा तिकडे मिळत नव्हती. यादीत नाव होतं, नंबर लागत नव्हता. म्हणून ऑक्टोबरात तिघंही वर्ध्याला आली. तीन आठवड्यांनी सुश्रुत गेला. इला रुळेपर्यंत आयलिन थांबणार होती. जानेवारीच्या एकोणीस तारखेला ती एकटीच परत जाणार होती आणि वर्षानं येऊन मुलीला नेणार होती.

हे सुचवलं मी. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची मुलं शिकवली. सुश्रुत आणि नमिता, माझी दोन्ही मुलं, माझ्याच शाळेत होती, पण शाळेत ती मला सर म्हणत आणि घरी येईपर्यंत मी थकलेला असे. आता वेळच वेळ होता. संध्याकाळी गल्लीतली आठ-दहा मुलं वऱ्हांड्यात येतात, त्यांना मी पाढे आणि वाचन घेतो. पण ती सहा वाजता आपापल्या घरी जातात. आपल्या घरचं एक मूल सकाळपासून हाताशी असावं, त्याला चिमणी दाणे कशी टिपते आणि मुंगी कशी चालते हे सावकाश दाखवावं, ही माझी इच्छा होती. मी ती सोयीच्या भाषेत मांडली, एवढंच.

इला लवकर रुळली. मुलं शिकतात ते ऐकून. घरात प्रमोदिनीला सगळे आई म्हणतात. सुश्रुत म्हणतो, नागपूरहून रविवारी येणारी नमिता म्हणते, आयलिनही म्हणते. आणि आयलिनला नमिता वहिनी म्हणते, कामाला येणारी सरिता वहिनी म्हणते, शेजारचे म्हणतात. जर्मनीहून येताना इला आपल्या आईला 'आन्ने' म्हणायची. तुर्कीत आईला तसंच म्हणतात. डिसेंबर लागेपर्यंत तो शब्द मागे पडला. एके दिवशी जेवताना तिनं पेला पुढे केला आणि म्हणाली, "वहिनी, पाणी दे."

सरिता भांडी घासता घासता हसली. "घ्या आता. लेक मायले वहिनी म्हणून राह्यली. उद्या मले सासूबाई म्हणन."

आयलिनही हसली. मग तिनं मला इंग्रजीत विचारलं, "बाबा, वहिनी म्हणजे काय?"

"भावाची बायको."

"पण मी तिच्या भावाची बायको नाही."

"तिले भाऊच नाई," प्रमोदिनी म्हणाली आणि इलाच्या तोंडात वरणभाताचा घास घातला. इलानं घास गिळला आणि तिला म्हणाली, "आई, अजून."

मी आयलिनला समजावून सांगितलं. ही आमच्याकडची जुनी रीत आहे. एकत्र घरात मूल जे ऐकतं ते म्हणतं. माझे आजोबा स्वतःच्या आईला काकी म्हणत. मी तळेगावच्या घरात वाढलो. तिथे आजी सगळ्या घराची आई, आणि तिन्ही काका माझ्या आईला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणालो. ती जाईपर्यंत तेच म्हटलं. काही बिघडलं नाही.

आयलिननं हे सगळं त्याच दुपारी फोनवर आपल्या आईला सांगितलं. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. गुल्सुम हे तिच्या आईचं नाव. फोनवर तिचा आवाज एरवी थांबत नसे. त्या दिवशी तो एकदम थांबला. मग तिनं एक काहीतरी विचारलं, आयलिननं "हो" अशा अर्थाची मान हलवली, आणि फोन बंद झाला.

"नेटवर्क गेलं असेल," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी गुल्सुम नागपूरच्या विमानतळावर उतरली.

साठीची बाई. डोक्याला रुमाल, अंगात लांब कोट, आणि दोन्ही गुडघे दुखरे. एकतीस वर्षं तिनं लोकांची ऑफिसं पुसली होती. बॅगेतून तिनं आमच्यासाठी एक बरणीभर ऑलिव्ह आणले. प्रमोदिनीनं एक चाखून पाहिलं, हसून मान हलवली आणि बरणी फ्रिजच्या अगदी मागे सरकवली. मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "खारवलेली बोरं दिसते जी. पाहुणी आहे तोवर कोणी वाढू नका, अन् कोणी फेकूबी नका."

मी शिक्षक होतो हे कळल्यावर गुल्सुम मला "होजाम" म्हणू लागली. होजाम म्हणजे माझे गुरुजी. तिला जर्मन आणि तुर्की येत होतं, आम्हाला यातलं काहीच नाही. आयलिन मध्ये बसून तिचं बोलणं इंग्रजीत सांगे आणि माझं तिला सांगे. आयलिन नसली की गुल्सुम आणि प्रमोदिनी एकमेकींना नुसती भाजी दाखवत.

संध्याकाळी ती खुर्ची घेऊन माझ्या वर्गाशी बसली. मी हजेरी घेत होतो. "पियुष." "हजर." "सुरभी." "हजर." गुल्सुमनं दोन-तीन नावं ऐकली आणि आयलिनला हाक मारली. तुर्कीतही हजर हा शब्द आहे, पण तिथे त्याचा अर्थ तयार. ही मुलं नाव घेतलं की "तयार" म्हणतात असं तिला वाटलं आणि ते तिला फार आवडलं. मग आम्ही तासभर तोच खेळ केला. ती वस्तू दाखवी, मुलं मराठीत सांगत, ती तुर्कीत सांगे. साबण, दुकान, हवा, शहर, दुनिया. चहाला चाय. पोरं टाळ्या पिटत होती. पियुषनं विचारलं, "सर, ह्या आजी आपल्या इथल्याच आहे का मंग?" इला मध्ये उभी राहून सगळ्यांना ओरडून दोन्ही शब्द सांगत होती. शेवटी तिला तहान लागली. ती "आई" म्हणत घरात गेली. आयलिन तिच्या समोरच बसली होती. ती आयलिनला वळसा घालून आत गेली. मी पाहिलं ते गुल्सुमच्या चेहऱ्यावर. माझ्या एकट्याच्या ते लक्षात आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसलो. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे ओल्या तुरीचे दाणे, आम्ही त्यांना सोले म्हणतो, वांग्यात घालतात. मोठं टोपलं मध्ये होतं. मी, गुल्सुम आणि आयलिन सोलत होतो. प्रमोदिनी आत इलाला झोपवत होती.

गुल्सुमनं शेंगांवरची नजर न काढता बोलायला सुरुवात केली. आयलिन एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली.

"मी जन्मले त्या वर्षी वडील जर्मनीला गेले. मी तीन वर्षांची असताना आईही गेली. दोन वर्षांत परत येऊ म्हणाले होते. मी आजीजवळ राहिले. योजगातकडे गाव आहे आमचं, डोंगराखाली. घरात दोन काका होते. ते आजीला आन्ने म्हणत, म्हणून मीही आन्ने म्हणाले."

आयलिन म्हणाली, "एवढं मला माहीत आहे."

गुल्सुम पुढे बोलत राहिली. "आई दर ऑगस्टमध्ये यायची. चॉकलेट आणायची, पांढरे मोजे आणायची. काका तिला येंगे म्हणत. मीही येंगे म्हणायचे."

आयलिन इथे थांबली. मग मला म्हणाली, "बाबा, येंगे म्हणजे... भावाची बायको."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"ती आली की मी आजीला विचारायचे, पाहुणी कधी जाणार. तिच्यासमोर विचारायचे. मी दहा वर्षांची झाले तेव्हा ती दोघं मोटार घेऊन आली आणि मला घेऊन निघाली. तीन दिवस रस्ता. मी मागे बसले होते. तहान लागली की म्हणायचे, येंगे, पाणी दे. ती पुढे बसून पाण्याची बाटली मागे करायची. वळायची नाही. जर्मनीत पोचल्यावर तिनं सांगितलं, आजपासून आन्ने म्हणायचं, नाहीतर हाक मारायची नाही. मी दोन महिने हाक मारली नाही. काही हवं असलं की तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे."

"मग?" मी विचारलं.

"मग म्हणू लागले. धडा वाचतात तसं. गावातली आजी दोन वर्षांनी वारली. मला पुढच्या उन्हाळ्यात गावी गेल्यावर सांगितलं. वडील दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी परत जाऊ. शेवटी गेले ते पेटीत, विमानानं. गावातच पुरलं. आई आता एक्याऐंशीची आहे. सहा महिने गावात राहते, तर तिथे तिला जर्मनीवाली म्हणतात. सहा महिने माझ्याकडे राहते. मी तिला आंघोळ घालते, केस विंचरते. होजाम, अजूनही मला तिला आन्ने म्हणताना आधी विचार करावा लागतो. ती ते ओळखते. रोज ओळखते."

आयलिननं शेवटची दोन वाक्यं फार हळू सांगितली. मग ती आईकडे वळून तुर्कीत काही बोलली. गुल्सुमनं उत्तर दिलं. आयलिन मला म्हणाली, "मी विचारलं, हे मला कधी का नाही सांगितलं. ती म्हणते, मी तुला सांगतच नाहीये, गुरुजींना सांगते आहे."

मग गुल्सुमनं मान वर केली आणि सरळ मला विचारलं. आयलिननं सांगितलं ते असं: "तुमच्या आईला काही वाटायचं का?"

मी म्हणालो, "आमच्याकडे सगळ्यांचं तसंच होतं." हे उत्तर नव्हतं. छत्तीस वर्षं मुलांची अशी उत्तरं मी परत पाठवली आहेत. प्रश्न पुन्हा वाच, म्हणायचो. गुल्सुमनं पुढची शेंग उचलली. पाच वाजत आले होते. मुलं येतील म्हणून मी उठलो.

त्या दिवशी मी पाढे घेतले, पण माझं लक्ष नव्हतं. मला एक गोष्ट आठवत होती. ती मी विसरलो नव्हतो. उलट शाळेत चहाच्या वेळी कितीतरी वेळा रंगवून सांगितली होती आणि सगळे हसले होते. वहिनी, म्हणजे माझी आई, शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होती. ऑपरेशनचा कागद भरायचा होता. नर्सनं विचारलं, "पेशंट तुमचे कोण?" मी सवयीनं म्हणालो, "वहिनी." तिनं तसं लिहिलं आणि म्हणाली, "यांच्या मुलाला बोलवा. सही मुलाची लागेल." मी म्हणालो, "मुलगा मीच आहे, कृष्णकांत." ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि कागदावर खोडू लागली. तेव्हा खाटेवरून आई म्हणाली, "राहू द्या बाई. वहिनीच लिहा. चालते."

मी सांगताना हे "चालते" शेवटी सांगायचो, म्हणजे हशा यायचा. ती स्वतः हसली होती का, ते मी कधी आठवून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. ती हसली नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून होती.

मुलं गेल्यावर आयलिन वऱ्हांड्यात आली. चटई गुंडाळायला लागली. तिचं मराठी तोवर बरं झालं होतं, पण ती इंग्रजीतच बोलली. "बाबा, मला आता ठरवता येत नाही. परीक्षा सोडली तर दोन वर्षं मागे पडते. सुश्रुत म्हणतो, ठेव. माझी आई काहीच म्हणत नाही, नुसती आली आहे. मी इतकी थकले आहे की कोणीतरी सांगावं आणि मी तसं करावं. तुम्ही सांगा. तुम्ही राहू दे म्हणालात तर राहील."

मला हवं होतं ते माझ्या हातात आलं होतं. बालवाडीत नाव गेलेलं होतं. एक शब्द म्हणायचा होता.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

आत प्रमोदिनी ज्वारी निवडत होती. तिला मी अंगणातलं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "इलाले जाऊ द्यावं असं मले वाटते."

ती निवडायची थांबली नाही. "परक्या बाईच्या एका गोष्टीनं तुमचं मन फिरलं. तीन महिने मी त्या पोरीचं हागणंमुतणं केलं, ताप आला तं मांडीवर घेऊन बसली. अन् तुम्ही शेंगा सोलता सोलता ठरवलं."

"शेंगा सोलता सोलता नाई. तिनं मले विचारलं, तुमच्या आईले काही वाटे का. मले उत्तर देता आलं नाई."

"त्याले काय होते? वर्षाचा तं प्रश्न आहे. वर्षानं जाईल, तिकडं पुन्हा म्हणन आन्ने."

"गुल्सुमची आईबी दोनच वर्षांसाठी गेलती."

प्रमोदिनीनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग मी दवाखान्यातली गोष्ट काढली. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"मले माहीत आहे ते. तुम्ही हसून सांगत होते सगळ्याइले. मी कधी हसली का?"

"नाई."

"सुश्रुत झाला तेव्हा मी तळेगावले होती, तुम्ही इकडं नोकरीवर. बाराव्या दिवशी वहिनी माह्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं. म्हणे, प्रमोदिनी, याले तुयाजवळच झोपवजो. घरात कोणी काही म्हणो, याच्याकडून आई म्हणून घेजो. मी त्याची आजी, मले आजीच म्हणू दे. मी म्हटलं, काऊन जी? तं म्हणे, कृष्णकांताले मी जन्म देल्ला, पण तो मले कधी सापडलाच नाई."

तिनं निवडलेली ज्वारी डब्यात ओतली. डबा भरला तरी ती ओततच होती. थोडी खाली सांडली.

"मले आई म्हणते माहा पोरगा, ते त्याइच्यामुळं," ती म्हणाली. "अन् मीच..." सांडलेले दाणे एकेक करून वेचू लागली. मीही खाली बसलो. बराच वेळ आम्ही दोघं दाणे वेचत होतो.

"तुम्ही सांगा आयलिनले," शेवटी ती म्हणाली. "माह्यानं होणार नाई."

सकाळी मी सांगितलं. आयलिन रडली नाही, आनंदलीही नाही. खुर्चीत बसली आणि डोळे मिटून घेतले. मग सुश्रुतला फोन लावून माझ्या हातात दिला.

"बाबा, आता ऐन वेळी?" तो म्हणाला. "आम्ही करायचं कसं? तुम्हीच तर म्हटलं होतं."

"मीच म्हटलं होतं. चुकलं माझं."

"चुकलं म्हणून तिकडे जागा मिळते का? तुम्हाला इथलं काही माहीत नाही."

"नाही माहीत."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता थकल्यासारखा श्वास सोडत राहिला. वीस वर्षांपूर्वी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो होतो, तेव्हा मी अभिमानानं छाती काढून उभा होतो. त्याच्या घरात पुढे कोण कोणाला काय म्हणेल, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

मार्ग निघाला तो गुल्सुमनं काढला, आणि तोही काही सुखाचा नव्हता. ती आठवड्यातले पाच दिवस त्यांच्या घरी येऊन राहील. आयलिन परीक्षा सहा महिने पुढे ढकलेल. आणि गुल्सुमची म्हातारी आई? तिला भावाकडे ठेवावं लागेल, दुसऱ्या शहरात.

"तिला चालेल?" मी विचारलं.

गुल्सुमनं खांदे उडवले. आयलिननं सांगितलं, "ती म्हणते, आन्ने 'नाही' म्हणणार नाही. ती कधीच 'नाही' म्हणत नाही."

तिकिटं झाली. हातात अकरा दिवस होते. बालवाडीत जाऊन नाव काढायला मला दोन दिवस लागले, म्हणजे मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

त्या अकरा दिवसांत आम्हाला इलाला एक काम शिकवायचं होतं आणि ते शिकवण्याचं नव्हतं, विसरायला लावण्याचं होतं. छत्तीस वर्षांत मी असा धडा घेतला नव्हता. मी कागदावर चौघांची चित्रं काढली. ही आजी, हा आबा, ही आन्ने, हा बाबा. इला चित्रं बरोबर ओळखायची. कागद बाजूला ठेवला की प्रमोदिनीकडे धावायची. "आई, कागद झाला."

प्रमोदिनीनं ठरवलं होतं की त्या हाकेला ओ द्यायची नाही. पहिल्या दिवशी इलाला तो खेळ वाटला. ती पदर ओढून हसत राहिली. दुसऱ्या दिवशी ती चिडली आणि तिनं प्रमोदिनीच्या हाताला चावा घेतला. सरिता म्हणाली, "अवं माय, लहान लेकराले काऊन तरसवता जी? देत जा ना ओ." प्रमोदिनी चावलेल्या हाताला हळद लावून पुन्हा कणीक मळायला बसली. तिसऱ्या दिवसापासून इला कोणालाच काही म्हणेना. तहान लागली की येऊन समोर उभी राही. गुल्सुमनं ते पाहिलं आणि ती उठून अंगणात निघून गेली.

मी इलाला मांडीवर घेऊन सावकाश सांगायचो. आजी म्हण, ती देते ओ. ती माझ्याकडे पाहायची. मुलाला चूक शिकवून मग ती खोडायला लावणारा मास्तर मी झालो होतो.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी आयलिन खोलीत बॅग भरत होती. प्रमोदिनी पोळ्या करत होती. मी ओट्याशी भाजी चिरत होतो. इला न्हाणीत होती. तिला स्वतःच्या हातानं आंघोळ करायची होती, म्हणून दार उघडं ठेवून तिला बसवलं होतं. एकाएकी तिनं हाक मारली. डोळ्यांत साबण गेला असावा.

"आई!"

प्रमोदिनीचा हात तव्यावर थांबला. खोलीतल्या आयलिनला ती हाक आपली वाटलीच नाही, ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. हाक कोणाला होती हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. इला पुन्हा ओरडली, या वेळी रडत. प्रमोदिनी जागची हलली. दोन पावलं न्हाणीकडे गेली. मग ओट्याला धरून उभी राहिली आणि खोलीकडे तोंड करून म्हणाली, "आयलिन, तुले आवाज देऊन राह्यली ते."

"गेल्दिम, गेल्दिम," म्हणत आयलिन बाहेर आली आणि न्हाणीकडे धावली. तुर्कीत त्याचा अर्थ आले, आले. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग इलाचं रडणं, मग आयलिनचं हळू आवाजात काही बोलणं. रडणं लगेच थांबलं नाही. थांबायला वेळ लागला.

तव्यावरची पोळी जळू लागली होती. प्रमोदिनी तिकडे पाहत नव्हती. मी पुढे होऊन गॅस बंद केला.